कूस

बेटिओ हे बेट केवढं, तर एका किनाऱ्यावर भात करपला
की दुसऱ्या किनाऱ्यावर कुणीतरी झाकण उचलून बघतं.

मी शिरगणतीवाली. निळं जाकीट, फॉर्मचा गठ्ठा,
आणि पेन्सिल. घामानं शाई पसरते.
प्रश्न चौथा: काल रात्री या घरात किती जण झोपले?

काइतिराकडे सतरा.
घराला भिंती नाहीत. केवड्याच्या पानांच्या चटया,
पाठीला पाठ, गुडघ्यांच्या खोबणीत गुडघे.
एकानं कूस बदलली की सगळ्यांनी बदलायची, ती म्हणाली.
मधला पोरगा रात्रीतून दोनदा ओरडतो, ‘वळा!’
ती हसली, मीही हसले.
लिहिलं: १७.

‘आणि हे?’ तिची सासू.
अंगणात दोन थडगी, शिंपल्यांची किनार,
एकावर दुपटी वाळत घातलेली.
‘जागा हेही अडवतात. लिही.’
आजी, फॉर्मात झोपलेले विचारलेत.
‘मग हे काय जागे आहेत?’

मागच्या महिन्यात आमच्या प्रशिक्षणाला
दूरदेशीचा एक माणूस आला होता. भला होता, खरंच.
भिंतीवर चढत जाणारी रेघ दाखवली,
म्हणाला, मी स्वतः एकावर थांबलो.
फोटो दाखवला. मुलगी, कुत्रा, हिरवळ.
मी ती हिरवळ डोळ्यांनी मोजली:
काइतिराची चार घरं बसली असती, थडग्यांसकट.

पण त्याची रेघ खोटी नव्हती.
विहीर खारट झाली आहे.
नळाला दिवसाआड दोन तास पाणी,
दवाखान्यात एका खाटेवर दोन बाळंतिणी,
एकीचे पाय दुसरीच्या उशाला.
हे मी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही,
रांगेत बादली घेऊन उभी असते मी.

निघताना काइतिरानं विचारलं, तुला किती?
मी म्हटलं, नाही.
चौतिसाव्या वर्षी? तिनं माझ्याकडे पाहिलं,
मग सर्वांत धाकटीला उचलून माझ्या मांडीवर ठेवलं.
‘ने हिला. मागितलं तर नाही म्हणू नये,
आणि तू तर मागतही नाहीस.’
पोरीनं माझी पेन्सिल तोंडात घातली.

मला दिवस गेलेत.
हे मी काइतिराला सांगितलं नाही,
जहाजावरच्या ब्वेरेलाही अजून कळवलेलं नाही.
तो आनंदानं डेकवर नाचेल. त्याला
रेघ कुणी दाखवलेली नाही.

जगात एक तोंड जास्त की कमी,
हा प्रश्न माझ्या पोटाला विचारतात.
हिरवळीला कुणी विचारत नाही.
असं मी रागानं म्हणते, आणि मग
बादली आठवते, राग पुरत नाही.

रात्री माझ्या घराचा फॉर्म भरायला घेतला.
चौथ्या प्रश्नापाशी दिवा मालवला.
चटईवर मी एकटी, चहूकडे जागाच जागा.
तरी कूस बदलण्याआधी थांबले,
आणि हलक्या आवाजात म्हटलं,
वळा.