शिफ्ट आणि आठ

निपाणीत, तहसील कचेरीसमोर,
झेरॉक्सच्या पायरीला खेटून माझं मशीन.
शिफ्ट धरायची, आठ दाबायचा,
की हवेत लटकलेला एक स्वल्पविराम उमटतो
आणि पुढची गोष्ट त्या माणसाच्या नावावर होते.
दाबून दाबून टोच एवढी धारदार झालीय
की कागदाला भोक पडतं,
खालच्या कार्बनच्या प्रतींनासुद्धा.

मराठीत अर्ज दिला की एक भुवई चढते,
कन्नडात दिला की दुसरी.
इंग्रजीला दोन्ही भुवया सारख्याच भितात.
त्यावर माझं घर चालतं.

एकतीस वर्षांत कळलं ते एवढंच:
इंग्रजीत माणसाला थेट काही करता येत नाही.
आधी नावाला टोच, मग एक नाम,
मग टू, आणि मग कुठं क्रियापद.
अर्जदाराची विनंती, टू ट्रान्सफर.
दिराचा नकार, टू साइन.
तलाठ्याची असमर्थता, टू ट्रेस द फाइल.
मधलं नाम विसरलं तर वाक्य
नंबर न लागलेल्या म्हाताऱ्यासारखं
पायरीवरच बसून राहतं.
म्हणून विनंती, तयारी, हक्क, नकार
मी सुट्ट्या नाण्यांसारखे वरच्या खिशात ठेवतो.

आपल्यात तसं नाही.
मला जायचंय म्हणताना
ते ‘चं’ मला चिकटत नाही,
जाण्याला चिकटतं.
राहायचं, द्यायचं, सोडवायचं:
क्रियापदच कुणाच्या तरी मालकीचं.
कुणाच्या, ते मात्र नीट बोलत नाही.

मंगळवारी सुंद्रव्वा कमते आली.
बोटं तंबाखूनं पिवळी, पिशवीत घरपट्टीच्या पावत्या.
अक्कोळ रोडला दोन खोल्या,
नवरा गेल्यावर धाकट्या दिराचा डोळा त्यांच्यावर.
“काय लिहू?”
“लिवा की. ऱ्हायाचं हाय म्हणून.”
“विनंती लिहू?”
“भीक मागायला आलोय व्हय?”
“मग हक्क?”
“हक्क म्हटलं की कागद मागत्यात.”
“इच्छा?”
ती हसली. “इच्छा शेजारणीचीबी हाय त्या खोल्यांवर.”

माझा खिसा रिकामा झाला.
मशीनवर हात ठेवून बसलो.
चहावाल्यानं ग्लास आणून ठेवला, मी न सांगता.
तेव्हा ती सोबतच्या बाईकडं वळून,
मला ऐकवायचं नसल्यासारखं, बोलली:
“मनि नंद. इरूदू नंद.”
घर माझं. राहणं माझं.

दोन वाक्यं, मधे एक श्वास. मधलं कुणीच नाही.

मी शिफ्ट धरली.
द हाउस इज सुंद्रव्वाज टू लिव्ह इन.
टोच, आणि लगेच टू.
एकतीस वर्षांत असं टाइप केलं नव्हतं.
चालतं का हे? विचारायचं कुणाला?
हायस्कूलचे हेडमास्तर रिटायर होऊन गडहिंग्लजला गेले,
आणि फोनवर असलं काही विचारायची लाज वाटते.

तिनं कागद उन्हाकडं धरला.
वाचता येत नव्हतं, भोक दिसलं.
“ह्ये काय फाटलंय?”
“फाटलं नाही. तिथं तू आहेस.”
चाळीस रुपये दिले,
दहा परत मागून घेतले, वडापसाठी.

पुढच्या सोमवारी अर्ज परत.
कारकुनानं टोच आणि टूच्या मधे
लाल शाईनं ‘राइट’ असं घुसवलेलं,
आणि समासात: पुरावा जोडा.
चूक त्याचीही नाही,
त्याला फाइल कुठल्या तरी नामाखाली लावावी लागते.

तारखा पडतायत.
सुंद्रव्वा अजून त्याच दोन खोल्यांत विड्या वळते.
तिसरी प्रत माझ्या खणात आहे,
अक्षरं फिकी, निळी.
टोच आहे, टू आहे.
मधे हात घालायला
अजून कुणी आलेलं नाही.