ओला, सुका

सकाळी साडेसातला गाडी येते राजेंद्रनगरात,
भोंग्यावर गाणं लावून. ओला वेगळा, सुका वेगळा.
मी दोन डबे घेऊन फाटकाशी उभी,
आणि पोटाला म्हणते, थांब गं बाई, आत्ता नको.

स्वच्छतेत पहिला नंबर आमच्या इंदूरचा.
आणि माझ्या पर्समध्ये, चष्म्याच्या घराखाली,
पिशवीत घडी घातलेली एक जादा चड्डी.
चार वर्षं झाली.
ह्यांना सांगितलं नाही. सख्ख्या बहिणीला नाही.
गाण्याचा वर्ग सोडला तेव्हा बाई म्हणाल्या, गळा बसला का?
बसला, म्हटलं.

डॉक्टर फरहतनं मान वर करून विचारलं,
बाळंतपणात चिमटा लावला होता? टाके किती?
एकतीस वर्षांत पहिल्यांदाच कुणी विचारलं.
मंदारच्या कानामागचा व्रण सगळ्यांनी पाहिलेला,
माझा कुणी नाही.

मग म्हणाली, वही घाला. काय खाल्लं, काय झालं, किती वाजता.

दुधाच्या हिशोबाची जुनी वही होती, तीच घेतली.
मंगळवार: पोहे, वर शेव, जिरावण. जिलबी एक.
(दोन.) चहा तीन वेळा. अकराला धावले.
गुरुवारी भाकरी, दुधी. काही नाही.
शनिवारी सराफ्यात भाच्याबरोबर गराडू, तिखट, तळलेले,
परतताना रिक्षात
इथे पुढची ओळ खोडली आहे.

इसबगोल घ्या, म्हणाली, थोडं थोडं वाढवत.
चहा कमी करून बघा. तळलेलं बघा. दूध बघा.
स्नायूंचा व्यायामही लिहून दिला.
फरक पडेल? विचारलं.
कदाचित, म्हणाली.
नक्की म्हणाली असती तर विश्वास बसला नसता.

आता सहावा आठवडा. इसबगोल ताकात भिजतं,
फुगतं, चमच्याला चिकटतं.
वहीत कोरे रकाने वाढलेत. सगळे नाहीत.

काल हळदीकुंकवाला वसुंधरावन्संनी पुन्हा
चहाला नको म्हटलं, पोह्यांना नको,
दाराजवळचीच खुर्ची धरली,
पर्स मांडीवरून खाली ठेवली नाही.
वीस वर्षं आम्ही त्यांना शिष्ट म्हणतोय.

उद्या जेलरोडला जाणार आहे त्यांच्याकडे.
वही घेऊन.