बहात्तरावा हिस्सा

लिही बाई, मी सांगते तसं.
आधी माझं नाव. ऑर्थेलिया फ्रेझर, वय एकोणऐंशी,
राहणार याच बेटावर, खाडीच्या वरच्या अंगाला,
अजून चष्म्याशिवाय कालवं फोडते.

वकीलपोर हसते. लिहीत मात्र नाही.

आजोबांचं नाव जुलाय.
जुलैत जन्मले, एवढंच आठवत होतं कुणाला.
दहा एकर घेतली त्यांनी कापसाच्या पैशातून,
पावती बिस्किटाच्या डब्यात.
मृत्युपत्र केलं नाही.
त्यांच्या आईचं नाव कोर्टातल्या एका वहीत होतं,
दोन खेचरं आणि एका नांगराच्या मधल्या ओळीत,
पुढे किंमत.
त्या इमारतीत कोण जाईल
आपल्या मालकीचं काय, ते सांगायला?
जमीन आपल्या माणसाला ओळखते, म्हणायचे.
ओळखत असेल.
कायदा ओळखत नाही.

त्यांना चार मुलं. एकाला तीन. त्यातल्या एकीला सहा.
वाटे पडत गेले, बांध कुणी घातला नाही.
सगळ्यांचं सगळं,
आणि वाफाभर जागा दाखव म्हटलं
तर बोट ठेवता येईना कुणाला.
एक ना धड.

मग डेट्रॉइटला लेलंडच्या दारात
एक फार नम्र माणूस आला.
लेलंडनं बेट पाहिलेलं नाही, पोहता येत नाही त्याला.
आपला बहात्तरावा हिस्सा त्यानं विकला
जुन्या गाडीच्या किमतीला.
मी त्याला शिव्या दिल्या नाहीत.
दिल्या. पण फोन ठेवल्यावर.

बहात्तरावा म्हणजे किती?
एक घर मावेल, कोंबड्यांना जागा उरणार नाही.
तेवढ्यावर कंपनी कोर्टात गेली: वाटणी होत नाही, सबब सगळं विका.
महिन्याचा पहिला सोमवार.
आम्ही सदतीस जण, चर्चच्या कपड्यांत, कोर्टाच्या पायऱ्यांवर.
अकरा मिनिटं लागली.
आजोबा गेले नाहीत, त्या दारापर्यंत
त्यांची जमीनच चालत गेली.

माझा चेक आला. त्यात छपराचे पैसे घातले
आणि कंपनीला नको होता तो तुकडा परत घेतला,
दलदलीकडचा दीड एकर.
आमची थडगी आहेत तिथे. एक पिकॅनचं झाड.

आता लिही.
हे माझं नाही. माझ्या मुलांचंही नाही.
हे ट्रस्टचं. विश्वस्त तिघे,
आणि तिघांतला एक नेहमी बेटावर राहणारा.
विकायचं नाही, गहाण नाही,
कर्जापायी कुणाचा वाटा सुटा होणार नाही.
राहायला कुणीही यावं.
क्लिंटनला त्याचे पैसे महिन्याच्या महिन्याला,
हातात नाही, किराणावाल्याकडे.
का ते लिहू नकोस. त्याला माहीत आहे.

रूडेल, माझा थोरला, गाडीत गप्प होता.
पुलावर आल्यावर म्हणाला,
"म्हणजे आमच्यावर भरवसा नाही तुझा."
मी म्हटलं, नाव तर ट्रस्टच आहे बाळा.
मग मीच वाचलं पुन्हा. बावीस पानं.
पानोपानी, कोण काय करेल याची भीती.
त्याला खोटं ठरवता आलं नाही.
म्हटलं, लेलंडवर होता माझा भरवसा.
पुढचा पूल येईपर्यंत कुणी बोललं नाही.

सहीच्या वेळी पोर म्हणते, दोन साक्षीदार हवेत,
आणि रूडेल चालणार नाही,
ज्याला मिळायचं त्यानं साक्ष द्यायची नाही.
रूडेल उठून व्हरांड्यात गेला.
एक साक्षीदार बाहेरच्या टेबलावरची मुलगी.
दुसरा एसी दुरुस्त करायला आलेला माणूस,
ना नात्याचा ना गावचा.
पँटला हात पुसले त्यानं,
माझं नाव हळू वाचलं, ओठ हलवत,
आणि खाली आपलं लिहिलं, वळणदार.
मग विचारलं, पिकॅन गोड असतात का त्या झाडाच्या?

एक वर्षाआड, मी म्हटलं.
यंदा ये.