मेणाचा वाटा

सहलीच्या पत्रकावर सिंह होता,
आयाळीखाली दर, डॉलरमध्ये.
तीन दिवस जीपमधून हिंडून
आम्हाला त्याची विष्ठा तेवढी दिसली,
वाळलेली, पांढुरकी, कुणाचे तरी केस असलेली.
तिचेही फोटो काढले सगळ्यांनी.

चौथ्या दिवशी फॅनबेल्ट तुटला.
बॉनेटमधून डोकं न काढताच अमिसे म्हणाला,
"चालायची तयारी असेल तर
माझा सासरा आज मधाला निघालाय."

सुवालेहे.
टायरच्या चपला, खांद्यावर कुऱ्हाड,
सायकलच्या ट्यूबने बांधलेलं झावळ्यांचं भेंडोळं,
आणि आमच्याकडे बघायची कसलीच घाई नाही.
लुजेंडा नदी मागे राहिली,
मिओम्बोचं रान सुरू झालं,
तेव्हा त्यानं मान वर करून
घशातून एक आवाज काढला:
ब्र्र्र्र... हम्म्.

त्याचा बाप असाच काढायचा, आणि बापाचा बाप.
अर्थ विचारला तर म्हणाला,
अर्थ कसला? मी आलोय, एवढंच.

उत्तर आलं.
अर्धी काडेपेटी कुणी कानाशी हलवावी तसं.
चिमणीहून जरा थोराड, मातकट,
शेपटीच्या कडांना पांढरं,
पत्रकात ज्याला कुणी जागा दिली नसती
असं पाखरू. नाव सेगो.
ते झाडावरून झाडावर,
आपण येतोय ना ते बघायला थांबत,
उशीर झाला की करवादत.
आम्ही मागे धावलो.
काट्यांनी माझ्या महागड्या पँटचे
सगळे खिसे तपासले.

मग एका झाडावर ते गप्प बसलं.

गप्प बसलं म्हणजे आलं, सुवालेहे म्हणाला.
काठीच्या टोकाला भेंडोळं, भेंडोळ्यात धूर,
धुरात म्हातारा, उघड्या हातांनी.
मला दोन डंख, त्याला किती
ते त्यानं मोजले नाहीत.
मध काळा होता, कोमट,
धुराचा आणि अळ्यांचा,
बाटलीतल्या मधाशी त्याचं काही नातं नव्हतं.
बोटं चाटताना आम्ही सगळे
एकाच वयाचे झालो होतो.

सुवालेहेनं हिरवी पानं तोडली,
पुसली, जमिनीवर मांडली,
आणि पोळ्याचं मेण त्यांवर ठेवलं,
पाहुण्याला वाढावं तसं, डावी-उजवी बघून.

"आणि नाही ठेवलं तर?"
त्यानं मला तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं.
"तर पुढच्या खेपेला तो मधाकडे नेत नाही.
सिंहाकडे नेतो."
अमिसे हसला.
सुवालेहे नाही.

कबूल करतो:
त्यांची पाठ फिरल्यावर मी त्या पानावरून
सुपारीएवढं मेण उचललं.
आठवण म्हणून.

त्या रात्री नदीपल्याड तो ओरडला.
ओरडला म्हणजे काय, तंबूचे खुंटे हलले,
पाण्याचा मग हलला,
पोटात जिथे मध होता तिथे काहीतरी हललं.
तीन दिवस मी ज्याचा पत्ता शोधत होतो
तो आता माझा विचारत होता.
उशाशी, फिल्मच्या जुन्या डबीत,
मेण शांतपणे वास देत होतं.

लिचिंगाच्या विमानतळावर
मुआनासा नावाच्या अधिकारीण बाईंनी
डबी उघडली. हुंगली.
"मध कुठाय?"
"खाल्ला."
"मग हे तुमचं नाही."

कुठल्या कलमाखाली, विचारावंसं वाटलं.
पावती मागावीशी वाटली.
मागे रांग होती, कुणीतरी खोकत होतं.
बाईंनी उठून खिडकीची फट उघडली,
बाहेरच्या कठड्यावर ते मेण ठेवलं,
खुर्चीत येऊन बसल्या,
माझ्या पासपोर्टवर शिक्का मारता मारता
अगदी हळू, शाईपॅडशी बोलावं तसं:

ब्र्र्र्र... हम्म्.

खिडकीबाहेर काही उतरलं की नाही
ते मला दिसलं नाही.
"पुढचा," त्या म्हणाल्या.