नव्वद दिवसांची ठेव

दुकान माझं, आतलं काहीच माझं नाही.
गल्ल्यामागची ही उंच खुर्चीसुद्धा
ठेवीदार क्रमांक एकशे बारा, रॉस्को टिबेट्स यांची.
एकवीस दिवस उरलेत तिचे.
तोवर मी बसते, आणि कोणी विचारलंच
तर उठून किंमत सांगते.

करार एका पानाचा:
विकलं गेलं तर साठ तुमचे, चाळीस माझे.
तीस दिवसांनी किंमत पाचव्या हिश्शाने उतरेल,
साठ दिवसांनी निम्मी होईल,
नव्वदाव्या दिवशी न्यायला या,
नाहीतर वस्तू दुकानाची.
लोक न वाचता सही करतात.
शेवटचं कलम मी तोंडी सांगते, दोनदा.

नऊ हजार फुटांवरची ही कोलोराडोची हवा
लाकडातलं पाणी पिऊन टाकते.
ह्यूस्टनहून ट्रकने चढून आलेलं अक्रोडाचं कपाट
पहिल्याच जानेवारीत मध्यरात्री तडकतं,
बंदूक उडावी तसं.
मालक फोनवर विचारतात, काय केलंत तुम्ही?
मी काही नाही केलं. डोंगराने केलं.

एल्कच्या शिंगांची झुंबरं: एका मोसमात नऊ.
उतारावर घर घेतलं की प्रत्येकाला तेच हवं असतं,
घर विकलं की कोणालाच नको.
घटस्फोटातल्या जोडखुर्च्या
एक ऑगस्टात येते, दुसरी ऑक्टोबरात, दुसऱ्याच गाडीतून.
शेजारी मांडल्या तर लवकर जातात.
मी मांडते.
पैसे दोन पाकिटांत घालते.

ऑर्लिंडा आर्चुलेटा, क्रमांक दोनशे चौदा,
दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी येते,
टॉवेलात गुंडाळलेली एकच वस्तू घेऊन.
टॉवेल घडी करून परत नेते.
तिची अट करारात नाही:
"गावातल्या कोणाला देऊ नकोस.
पोस्टात जाताना माझीच फुलदाणी
परक्या खिडकीत बघायची नाही मला."

दोन वर्षं पाळली मी ती अट.
मग निळ्या काचेचा दिवा आला,
पितळी बैठकीचा, टोपीवर
इस्त्री टेकल्यासारखा तपकिरी डाग.
अठ्ठ्याऐंशीवा दिवस उजाडला.
हिमकडा कोसळून खिंड बंद, चार दिवस बाहेरचं माणूस नाही,
आणि तिच्या गॅसच्या टाकीचा काटा
कुठे टेकलाय, ते गाडीवाल्याने मला सांगितलेलं.

लिफ्टवर काम करणारा टीग आला,
टिपेच्या एकेक डॉलरच्या नोटा मोजत,
ओल्या, चिकटलेल्या.
मी त्याही काउंटरवर पसरून वाळवल्या.
दिवा दिला.
तिला म्हटलं, डेन्व्हरची बाई होती कुणी.
साठ टक्के तिच्या हातावर ठेवले,
आणि माझ्या चाळिसातले वीस, गुपचूप.

मार्चमध्ये ती आली ती रिकाम्या हातांनी.
बराच वेळ आरशांच्या किमती वाचत राहिली.
"ती डेन्व्हरची बाई," म्हणाली,
"हार्डवेअरच्या दुकानावर भाड्याने राहते वाटतं."
मी टेप फाडत बसले, लागत नव्हती तरी.
"रोज जाते मी त्या गल्लीतून. लांब पडतं.
दिवा खिडकीत ठेवलाय त्याने.
माझ्याकडे सोफ्यामागे होता, प्लग तिथेच म्हणून.
पण बल्ब चुकीचा लावलाय पोराने. पांढरा.
निळ्या काचेला पांढरा बल्ब म्हणजे
दवाखान्यासारखं दिसतं सगळं."

कोटाच्या खिशातून तिने बल्ब काढला,
पायमोज्यात गुंडाळलेला, जुना, पिवळ्या उजेडाचा.
सवयीने मी पावतीपुस्तक उघडलं,
दोनशे चौदा लिहिलंसुद्धा.
"विकायचा नाही," ती म्हणाली. "पोचवायचा आहे.
आणि माझं नाव सांगू नकोस.
खोटं बोलायला तुला जमतं, मला ठाऊक आहे."

सहाला दुकान बंद केलं.
रस्त्यावरचा बर्फ दिवसभर वितळून पुन्हा काच झालेला.
मोजा मी छातीशी धरून चालले,
इतका जपून मी या दुकानातला
एकही माल उचललेला नाही.
जिन्यात अंधार होता.
बल्ब कानाशी नेऊन हलकेच हलवला.
तार शाबूत.