चार रेघा, टू-बी

हवल्लीच्या दुकानदारानं बजावलं होतं,
सातशेचा आहे, सातशेच राहील.
आत कुलूप आहे, कंपनीनंच घातलेलं.
सतरा दिनार दोनदा मोजून घेतले
आणि प्रोसेसर माझ्या हातावर ठेवला
लवंगांची पुडी द्यावी तसा.

मी ड्राफ्ट्समन. अहमदीला पाइपांचे नकाशे काढतो,
म्हणजे आता माउसनंच.
तरी खिशात टू-बी असते, सवयीनं,
शार्पनर असतो, खोडरबर असतो,
नखांत थोडं शिसं.

फहाहील, चौथा मजला, जुलै.
रात्री अकरालाही खिडकीच्या काचेला हात लागत नव्हता.
जेवणाची ताटं सरकवून आम्ही टेबल पुसलं,
वर्तमानपत्र अंथरलं,
आणि मुबीन परकार, खेडचा, एसी मेकॅनिक,
तोंडात बडीशेप घोळवत
टॉर्च धरून उभा राहिला.

राखाडी चौकोन. मधोमध नखाएवढं काळं कपाळ,
उघडं, काचेसारखं; कोपरा उडाला की संपलं.
कडेला सोनेरी ठिपके, जोडीजोडीनं,
मधली वाट लेझरनं कापलेली.
यांना पूल म्हणतात, मी सांगितलं.
चार जोडले की कुलूप निघतं.

"आणि जोडायचे कशानं?"
मी खिशातून पेन्सिल काढली.
तो इतका हसला की टॉर्चचा उजेड
भिंतीवरच्या कॅलेंडरवर जाऊन आला.
"मला वाटलं सोल्डरिंग असेल. ॲसिड असेल.
हे तर बालवाडीचं काम!"

बालवाडीचं नव्हतं.
श्वास धरून एका ठिपक्यापासून समोरच्यापर्यंत,
शेजारणीला धक्का न लावता,
गिरव, परत गिरव,
चुरा उडवायला फुंकर नाही, थुंकी पडते.
अर्ध्या मिलिमीटरच्या चार रेघा.
बारा वर्षांत इतक्या आखल्या,
पण या चारांखाली चौकट नव्हती:
आखले कोणी, तपासले कोणी, मंजूर कोणी,
सुधारित प्रत क्रमांक तीन.

पांढरी पेस्ट मुबीननं लावली.
"हे माझं खातं. उष्णता कुठं पळते ते मला विचार,
दिवसभर गच्च्यांवर तिच्याच मागे असतो."
बोटाला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून
त्यानं ती इतकी पातळ पसरली
की तव्यावरचं तेलसुद्धा जाड वाटावं.
हीटसिंकची क्लिप मात्र मीच दाबली, डोळे मिटून.

साताचा गुणक साडेनऊवर.
पडदा काळा. अजून काळा.
मग एक बीप, आणि कोपऱ्यात आकडा: ९५०.
मुबीननं पाठीत असा एक ठेवून दिला
की खालचा हारिस अबू सामी वर येतो की काय.

रात्रभर त्याला पायचे दशांश मोजायला लावले.
मुबीननं विचारलं, "मोजून काय करणार?"
काही नाही.
"बरं," तो म्हणाला, आणि झोपला नाही.

तीनला बिल्डिंगचा फ्यूज गेला, तो आला तेव्हा
पंखा फिरला, एसी मात्र रुसून बसला.
खोली तापत गेली. मशीन सुरू करून
आम्ही घामानं निथळत आकडे बघत राहिलो.
पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी पडदा निळा झाला.
मुबीन बनियनवर, पाना घेऊन खिडकीत चढला;
मी गुणक उतरवला. नऊवर.
"पन्नास परत केलेस?"
केले.
"राहू दे. दोनशे तरी आपले."

शुक्रवारी कालिंदीचा फोन. काय केलंस या आठवड्यात?
चार रेघा ओढल्या, म्हटलं.
लाइन खराब आहे, ती म्हणाली, परत सांग.
कार्डातली मिनिटं संपत आली होती.

दोन वर्षांनी मुबीनला कतारचं काम मिळालं,
मला नवं मशीन.
जुनं घेऊन मी हवल्लीला गेलो.
वाटेत सिग्नलला खिशातला खोडरबर हाताला लागला.
एकदा फिरवला असता तर कुलूप जसंच्या तसं.
राहू दिलं.

दुकानदारानं विचारलं, सातशेचा ना?
चालू करून बघा, मी म्हणालो.
त्याला वेळ नव्हता, मोबाइलचे चार्जर आले होते,
खोकी फोडायची होती.
नऊ दिनार दिले, मशीन तसंच मागच्या फळीवर ढकललं.
कुणीतरी नेलं असेल, सातशेच्या भावात.