रुमालाखालचा भाव

मी कांदा-बटाट्याच्या बाजारात मापाडी.
सव्वीस वर्षं तुर्भ्याच्या गाळ्यांतून
दुसऱ्यांचा माल तोलतोय.
गोण नुसती हलवली तरी सांगतो,
त्रेपन्न भरेल, चोपन्नला थोडी कमी.
पण गिटार केवढ्याला घ्यावी
हे मला कुणी विचारू नये.

ईश्वरीनं विचारलं नाही.
कोपरखैरण्याच्या खोलीत ओट्याला टेकून
म्हणाली, पप्पा, साडेतीन हजारांतही येते.
पोरीनं आपल्याआधी आपला खिसा चाचपलेला असला
की बापाचं जे उतरतं
त्याला बाजारात घट म्हणतात.
घट कुणाच्या नावावर लिहीत नाहीत.

रविवारी वाशीला गेलो.
नंबियारच्या दुकानात भिंतीभर गिटारी,
केळीच्या घडांसारख्या मानेनं टांगलेल्या.
साडेतीन, सहा, नऊ आठशे, एकवीस,
आणि काचेआड एक, जिच्या चिठ्ठीकडं
मी मुद्दाम चष्मा काढून पाहिलं.

साडेतीनवालीच्या पोटावर टिचकी मारली,
कलिंगडावर मारतात तशी.
नंबियार हसला नाही. हे मला आवडलं.
त्यानं नऊ आठशेवाली काढून दिली :
आता हिच्यावर मारा.
मारली.
फरक होता.
सहा हजार तीनशेचा होता का
ते मात्र कानाला कळेना.

मग त्यानं तारेखाली नाणी सरकवून दाखवली.
स्वस्तातलीच्या तार आणि लाकडामध्ये
दोन रुपयांची दोन नाणी सहज मावली.
म्हणाला, एवढी उंच तार दाबायची
म्हणजे पोरीची बोटं सोलणार,
दोन महिन्यांत गिटार माळ्यावर जाणार,
मग हेच साडेतीन हजार महाग पडतात.

मला नको शिकवूस, म्हणणार होतो.
काटा स्वस्तात घेऊन
माल महागात घालवलेले शेठ मी पाहिलेत.
पण डोक्यात गोणी पडायला लागल्या होत्या,
एकावर एक,
नऊ हजार आठशे म्हणजे किती गोणी,
त्यात आईच्या गुडघ्याचं इंजेक्शन,
त्यात क्लासचा दुसरा हप्ता,
आणि वॉशिंग मशीन, जी शालन
तीन दिवाळ्या नुसती बघून येते.

पूर्वी बाजारात भाव तोंडानं बोलत नसत.
हातावर रुमाल टाकायचा,
खाली एकमेकांची बोटं दाबायची.
तोंडं गप्प, डोळे तिसरीकडं,
सगळा व्यवहार कातडीतून.
आता बंद झालंय ते, चांगलंच झालं,
त्या रुमालाखाली पुष्कळ शेतमाल मेला.
पण माझी बोटं ते विसरलेली नाहीत.

ईश्वरी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती.
तिनं डावा हात त्या नऊ आठशेवालीच्या
मानेखालून वर आणला
आणि तीन बोटं दाबली.
माझ्याकडं बघत नव्हती.
भाव सांगत होती ती.

घासाघीस केली. केलीच.
नऊ चारशे, खोळ आणि तारांचा एक जोड फुकट.
नंबियारनं कपाळाला हात लावला,
तोही सवयीचाच.

घरी शालननं विचारलं, केवढ्याला?
पोरगी समोर उभी, खोळीची चेन काढत.
मी खांद्यावरचा टॉवेल शालनच्या हातावर टाकला
आणि खाली तिची बोटं धरली.
आधी पाचही. मग चार.
नव्या संसारात ही भाषा तिला
मीच शिकवली होती, हसत हसत.
ती हसली नाही.
माझी करंगळी तेवढी
जोरात पिरगाळली तिनं, आणि धरून ठेवली.
हा कुठला आकडा, मला ठाऊक नाही,
बाजारात नव्हता.

आतून फाटका आवाज आला.
पोरगी तीच तीन बोटं
पुन्हा पुन्हा दाबून बघत होती.
लागेना. मग थोडी लागली.
टॉवेल आम्ही अजून काढला नव्हता.